बिननमस्काराचा कागद

“कोण गेलं गं? आधी सांग कोण गेलं!”

आई ओरडत होती. दारात बसून, दोन्ही हात जमिनीवर आपटत. आमच्या आईचा आवाज म्हणजे साधी गोष्ट नव्हती. तो एकदा लागला की निफाडच्या वाटेवरचे द्राक्षांचे टेम्पो कडेला थांबायचे, आणि वारं त्या बाजूचं असलं तर चांदवडच्या घाटात ट्रकवाले इंजिन बंद करून कानोसा घ्यायचे. त्या दिवशी कॉलेजातून येऊन मी बसमधून खाली पाय टाकला आणि तो आवाज कानावर आला. चपला हातात घेतल्या आणि पळत सुटले.

दारापुढं सगळी वस्ती जमलेली. बायांनी पदर तोंडात धरलेले. शेजारची गंगूमावशी आईला मागून धरून बसलेली. चूल विझवलेली, तव्यावर अर्धी भाजलेली भाकर तशीच. कुणाच्या तरी घरात रेडिओ चालू होता, तो माझ्या देखत कुणीतरी खाडकन बंद केला. आणि उंबऱ्याच्या बाहेर, मातीत, दगडाखाली ठेवलेला एक कागद.

कागदाचा कोपरा फाटलेला होता.

मी गोष्टी वाढवून सांगते हे मला ओळखणारे सगळे जाणतात. ट्रक आणि घाट मी वाढवलेत, कबूल. जिथं वाढवते तिथं तुम्हाला कळेलच. पण पुढं त्या कागदातला मजकूर येईल, त्यात मी माझ्या पदरचा एक शब्दसुद्धा घातलेला नाही. तशी गरजच पडली नाही.

तेव्हा फोन म्हणजे चौकातल्या एसटीडी बूथपुढची रांग. मयताचा निरोप अजून कार्डानं यायचा. ते कार्ड ओळखायची रीत होती. वर नमस्कार नसायचा, आणि एक कोपरा फाडलेला असायचा. असं टपाल घरात न्यायचं नाही. उंबऱ्याबाहेर उभ्यानं वाचायचं, वाचून झालं की फाडून टाकायचं, अंगावर पाणी घ्यायचं आणि मगच घरात पाऊल ठेवायचं. धम्मात आल्यावर आईनं उपास सोडले, देव सोडले, अंगात येणाऱ्या बाईच्या पाया पडणं सोडलं. ही एक रीत तिनं सोडली नाही. म्हणायची, “देवाचं सोडता येतं. माणूस गेल्याचं कसं सोडायचं?”

आईला अक्षर येत नव्हतं. पण चांदवडच्या मामाचं पत्र आलं की वरच्या बाजूला मधोमध एक छोटी ओळ असायची, ‘सप्रेम जयभीम’. ती ओळ आई माणसाच्या तोंडासारखी ओळखायची. ओळ दिसली की पत्र छातीला लावायची आणि मग वाचायला माझ्याकडं द्यायची. वस्तीतलं सगळं टपाल मीच वाचायचे. आणि फुकट वाचायचे म्हणून थोडी मोकळीक घ्यायचे. एखाद्याचा मुलगा मुंबईहून लिहिताना आईची चौकशी करायला विसरला असेल, तर मी ती चौकशी घालायचे. कुणी घाईत नमस्कार लिहिला नसेल, तर नमस्कार घालायचे. पोस्टानं पत्र आणावं, माया मी घालावी, असं आमच्या वस्तीचं चाललं होतं.

तर तो कागद. पालिकेचा शिपाई तात्या दुपारी येऊन टाकून गेला होता. आई मागं भांडी घासत होती. कागदांचा गठ्ठा पिनेनं टाचलेला, तात्यानं घाईत आमचा कागद ओढला, कोपरा पिनेला राहिला आणि कागद उंबऱ्यावर पडला. आईनं पाहिलं. वर मोकळी जागा. कोपरा गेलेला. खाली जांभळा गोल शिक्का, तो तिला पोस्टाचा वाटला. मामाला दमा होता. बस्स. पुढचं तुम्ही ऐकलंच.

“वाच की गं,” गंगूमावशी म्हणाली. “जीव घेती का आता?”

मी कागद उचलला. रीतीप्रमाणं बाहेर उभी राहिले. नजर पहिल्या ओळीवर गेली आणि सवयीनं तोंड उघडलं, पदरचा नमस्कार घालायला. दुसरी ओळ दिसली आणि ते तोंड तसंच मिटलं. या कागदात नमस्कार घालायला कुठं जागाच नव्हती. मी होता तसा वाचला.

“खदान झोपडपट्टीतील इसमांस सक्त ताकीद देण्यात येते की, सदर लोकांना स्वच्छतेची मुळातच सवय नसल्याने गटार तुंबून वरील वसाहतीतील नागरिकांना दुर्गंधीचा त्रास सोसावा लागत आहे. वारंवार समज देऊनही सदर लोक सुधारण्यास तयार नाहीत. गटार स्वतः साफ न केल्यास सार्वजनिक नळ बंद करण्यात येईल. मागाहून कोणतीही रड ऐकून घेतली जाणार नाही.”

मी थांबले. कुणी रडेना, कुणी हलेना. सगळे अजून नावाची वाट बघत होते.

“पण गेलं कोण?” आईनं विचारलं.

“कोणी नाही.”

“कोणी नाय कसं? वर नमस्कार हाय?”

“नाही.”

“खाली ‘आपला’ म्हणून काय लिवलंय?”

“सही आहे. ‘आपला’ नाही.”

“आन् कोपरा?”

“फाटलाय.”

“मग मयताचंच हाय ते. नीट वाच. नाव खाली असंल.”

मी पुन्हा वाचलं. या खेपेला बाया एकेक शब्द अडवून विचारू लागल्या. गंगूमावशीनं विचारलं, “इसम म्हंजी कोण?”

“आपण.”

“आन् नागरिक?”

“वरच्या कॉलनीतले.”

गंगूमावशी गप्प झाली. ही बाई गप्प होणं म्हणजे नाशकात गोदावरी उलटी वाहण्यासारखं. तिची सून तेव्हा ओली बाळंतीण, घरात तान्हं लेकरू, आणि नळ तिच्या दारापासून हाकेवर. तिनं हळूच आईच्या पाठीवरचा हात काढला आणि म्हणाली, “तुझं बराबर हाय बाई. मयताचंच हाय. आपल्याला मेलेलं धरून लिवलंय.”



आई उठली. तिनं माझ्या हातातला कागद घेतला, उभा फाडला, आडवा फाडला, तुकडे वाऱ्यावर सोडले. मग बादली घेऊन नळावर गेली आणि साडीसकट अंगावर पाणी ओतून घेतलं. पालिकेच्या पत्राचं सुतक पालिकेच्याच पाण्यानं फेडलं. केस निथळत घरात आली, चूल पेटवली आणि ती अर्धी भाकर पुरी भाजली.

मला भूक नव्हती. ‘रड’ हा शब्द डोक्यातून जाईना.

गटार कुणाचं, हे आमच्याकडं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. वरच्या कॉलनीचं सांडपाणी उतारानं आमच्या अंगणात यायचं. सकाळी कॉलनीत कुठल्या बंगल्यात कुठल्या साबणानं अंघोळ झाली हे आम्ही वासावरून ओळखायचो. आई त्यातल्याच एका बंगल्यात धुण्याभांड्याला जायची. म्हणजे दिवसभर ती त्यांची घाण वर धुवायची आणि संध्याकाळी घरी येऊन तीच घाण ओलांडायची.

दुसऱ्या दिवशी आईला ताप होता म्हणून तिच्या जागी मी कामावर गेले. कॉलनीच्या फाटकाशी काचेच्या पेटीत सूचना लावायचा फळा होता. त्यावर कागद. तोच जांभळा शिक्का. तीच सही, शेपटी वळवलेली.

“सन्माननीय रहिवासी, सप्रेम नमस्कार. आपल्या वसाहतीचे सांडपाणी उघड्या गटारात जात असल्याचे दिसून आले आहे. आपणांस होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आपल्या सवडीने जोडणी दुरुस्त करून घ्यावी, ही नम्र विनंती. आपला विश्वासू.”

मी काचेसमोर उभी राहिले. हातात केरसुणी. एकच साहेब, एकच गटार, एकच पेन. त्या पेनाला वर चढताना सप्रेम नमस्कार सुचतो. तेच पेन उतार उतरून आमच्याकडं आलं की वाटेतच नमस्कार सांडून जातो. वर ‘सवडीने’. खाली ‘सक्त’. घाण करणाऱ्याकडं दिलगिरी, आणि घाणीत राहणाऱ्याला दम.

सगळं अंग तापलं. आईचा ताप मलाच आला की काय वाटलं.

तिथं उभ्या उभ्या मला कळलं की आजवर मी वस्तीला जी पत्रं वाचून दाखवली, त्यात कमी असलेली माया भरून काढणं माझ्या हातात होतं. ती माणसं आपली होती, विसरली होती. हा माणूस विसरला नव्हता. त्याला नमस्कार येत होता. चांगला वळणदार येत होता. आमच्या वेळी त्यानं तो हातचा राखला होता.

संध्याकाळी मी वस्तीच्या ओट्यावर अर्ज लिहायला बसले. विषय लिहिला : आपल्या पत्रातील भाषेबाबत तक्रार.

गंगूमावशी डोक्यावर हंडा घेऊन उभी. “काय लिवती?”

सांगितलं.

“डोकं फिरलं का तुझं? गटाराची तक्रार कर. पाण्याचं लिव. मान काय हंड्यात भरून आणायचाय? माझ्या सुनेला धुवायला पाणी लागतं गं बाई, नमस्कार नाय लागत!”

“मावशी, गटाराची तक्रार आपण किती वर्षं करतोय?”

“लय वर्सं.”

“मग कुणी ऐकली का?”

“नाय.”

“का नाही ऐकली? मेलेल्याची तक्रार कोण ऐकतं? आधी जिवंत आहोत हे त्याच्याकडून लिहून घेऊ. मग पाणी मागू.”

मावशी पुटपुटत गेली. तिची सून आतून खोकली. मला तो खोकला ऐकू आला, आणि तरी मी लिहीत राहिले. वरती मधोमध पहिली ओळ लिहिली : सप्रेम जयभीम. आमच्या घरात पत्र असंच सुरू होतं.

पालिकेच्या विभागीय कचेरीत साहेबांच्या टेबलापुढं खुर्च्या होत्या, पण त्या बसायला नव्हत्या. म्हणजे आम्हाला नव्हत्या. मी उभी राहिले. साहेबांनी अर्ज वाचला. पुन्हा वाचला. मग असे हसले की पंख्याची पाती अडखळली. शेजारच्या खोलीतल्या कारकुनांना हाक मारली.

“या, या, ऐका! नळाची तक्रार नाही, कचऱ्याची तक्रार नाही. भाषेची तक्रार आलीय! काय झालं गं भाषेला? गळती लागली?”

कारकून हसले. दारात उभा तात्या शिपाईसुद्धा हसला, मग माझ्याकडं पाहून थांबला.

“साहेब, वरच्या कॉलनीला तुम्ही सप्रेम नमस्कार लिहिलाय.”

“मग?”

“आम्हाला नाही लिहिला.”

“सरकारी भाषा अशीच असते, पोरी. शिकते ना तू? मग कळायला पाहिजे.”

“कॉलनीला वेगळं सरकार आहे का?”

हसणं थांबलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, लावला. “मूळ पत्र आण. कुठंय मूळ पत्र?”

“फाडलं.”

“सरकारी पत्र फाडलं?” आता आवाज चढला. “कुणी?”

“कोपरा फाटका होता. वर नमस्कार नव्हता. आईला मयताचं वाटलं. तसलं पत्र घरात ठेवत नाहीत.”

कुणीतरी मागं फिसकन हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी अर्जावर बोट ठेवलं, त्या पहिल्या ओळीवर. “आणि हे काय? हे इथं चालत नाही. ही कचेरी आहे.”

 अर्ज टेबलावर ठेवून निघून आले.  

नळ बंद झाला. तोटी काढून नेली आणि तोंडाशी लाकडाचा गुट्टा ठोकला. तात्यानंच ठोकला, खाली मान घालून. वस्ती भोवती उभी. गंगूमावशीनं त्याला विचारलं, “कधी उघडनार?” तो म्हणाला, “पोरीनं लिहून दिलं की. गैरसमज झाला म्हणून. पत्र फाडल्याची माफी मागितली की लगेच.”

त्या घडीपासून सगळी वस्ती माझ्याकडं बघू लागली.

पाणी खाली द्राक्षबागेच्या विहिरीवर होतं. मोटार चालू असेल तेव्हा, आणि राखणदाराच्या मनात असेल तेव्हा. बाया रिकामे हंडे घेऊन जायच्या आणि कधी तशाच रिकाम्या परत यायच्या. माझ्याशी कुणी भांडलं नाही. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या माझ्या दारावरून जाताना फक्त हंडे वाजवायच्या. कळशीवर कळशी. असा आवाज की रामकुंडावरच्या साऱ्या घंटा त्यापुढं मुक्या. कुणाचं पत्र आलं तरी ते वाचून घ्यायला माझ्याकडं कुणी येईना. गंगूमावशीच्या नातवाच्या अंगावर पुरळ उठलं. ती त्याला माझ्यासमोर आणून धरायची, काही न बोलता, आणि परत घेऊन जायची.

आई मात्र काही म्हणाली नाही. ना लिही म्हणाली, ना नको म्हणाली. विहिरीवरून यायची, हंडा उतरवायची, पदरानं मान पुसायची. तिची मान उन्हानं आणि ओझ्यानं काळी पडली होती. त्या मानेकडं बघवेना मला.

शेवटी मीच मावशीला म्हणाले, “चला. देते लिहून.”

आम्ही कचेरीत गेलो. मी, आई, गंगूमावशी आणि मागं वस्तीतल्या बाया, रिकाम्या कळशा कडेवर. आई पायऱ्या चढताना माझ्या शेजारी चालत होती. मला वाटत होतं ती हात धरेल. तिनं धरला नाही.

साहेब खुशीत. “आली का अक्कल? बस, बस.” पहिल्यांदाच खुर्ची मिळाली. माफी मागणाराला बसू देतात, हे मला तिथं कळलं. कागद पुढं सरकवला, पेन दिलं. “मी सांगतो तसं लिही. ‘मी, खाली सही करणार, असं लिहून देते की माझा गैरसमज झाला. मी केलेला अर्ज मागे घेत आहे. सरकारी पत्र फाडल्याबद्दल माफी मागते. पुन्हा अशी आगळीक होणार नाही.’”

मी लिहिलं. एकेक शब्द. पाठीमागं बायांचा श्वास ऐकू येत होता. ‘गैरसमज’ लिहिताना पेन अडलं, मी ते ढकललं. ‘आगळीक’ लिहिलं. फक्त सुरुवात करताना सवयीनं हात वर गेला होता आणि मधोमध ती ओळ आधीच लिहून बसला होता. सप्रेम जयभीम.

साहेबांनी कागद फिरवून घेतला. वाचला. मान हलवली. मग बोट त्या ओळीवर टेकलं.

“एवढं खोड.”

मी वर पाहिलं.

“माफीनाम्यात हे कशाला? खोड. आत्ता तात्याला पाठवतो तोटी बसवायला. घरी पोचेपर्यंत पाणी आलेलं असेल.”

सगळं दिलं होतं मी. गैरसमज दिला होता, माफी दिली होती, आगळीक दिली होती. आणखी एक रेघ. एका रेघेनं नळ उघडत होता. मी पेन टेकवलं. निब त्या ओळीच्या पहिल्या अक्षरावर आली.

आणि हात चालेना. खोटं सांगत नाही. ताकद लावली, चालेना. मला माझ्या मामाची सगळी पत्रं दिसली, आईनं छातीला लावलेली. आईला सगळ्या जगातली एवढीच ओळ वाचता येत होती. तीच मी माझ्या हातानं, तिच्यासमोर खोडू?

“खोडणार नाही,” मी म्हणाले.

“काय?”

“माफी पाहिजे तर घ्या. ही ओळ खोडणार नाही.”

साहेब उठले. “तुमच्या लोकांचं हेच! दिलं तरी घेता येत नाही! एका ओळीसाठी वस्ती तहानेनं मारणार का तू? विचार, विचार या बायांना!” आणि गंगूमावशीकडं हात केला. “सांगा हो बाई तुम्ही. तुमच्या घरात बाळंतीण आहे ना? सांगा तिला.”

मी मागं वळले नाही. वळायची हिंमत नव्हती. बाळंतिणीची गोष्ट त्यांना ठाऊक होती, आणि ठाऊक असून त्यांनी तोटी काढली होती, हे माझ्या डोक्यात शिरलं तेव्हाच बहुधा मावशीच्याही शिरलं. कारण तिनं कळशी खाली ठेवली. तिचा आवाज झाला. ती पुढं आली, टेबलावरचा माफीनामा उचलला, उलटासुलटा करून पाहिला, तिला काय वाचता येत होतं! आणि मग दोन बोटांत धरून त्याचा कोपरा टरकन फाडला.

कागद तिनं साहेबांच्या समोर ठेवला. दोन्ही हातांनी. आदबीनं.

“घ्या. बाहेर उभं राहून वाचा साहेब. आत वाचू नये.”

आता मी जे सांगते ते अजिबात वाढवलेलं नाही. साहेबांचा हात कागदाकडं गेला होता, तो विस्तवावर पडल्यासारखा मागं आला. शिकलेला माणूस, सुटाबुटातला, सरकारी भाषेचा मालक, कोपरा फाटलेल्या कागदाला हात लावीना. त्यांच्या घरीही आई असणार, मामा असणार. टेबलावरची लाकडी पट्टी घेतली आणि त्या पट्टीनं कागद पुढं ढकलला. कारकून ज्या बाजूला कागद आला त्या बाजूनं उठले. तात्या दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

“हा काय अघोरीपणा!” साहेब ओरडले. “कोण गेलं? कोण मेलंय इथं?”

“माफी,” गंगूमावशी म्हणाली. “आत्ताच गेली.”

तिनं कळशी उचलली, कडेवर घेतली. आम्ही निघालो. पायऱ्यांवर तिनं मला असा धपाटा घातला पाठीत की अजून पावसाळ्यात दुखतो. “आधीच का नाय बोलली गं टवळे? माफी लिवत बसली होती!” आणि मग आईनं माझा हात धरला.

पाणी आलं नाही. गोष्टीत येतं तसं घरी पोचेपर्यंत आलं नाही, महिनाभरात आलं नाही, सगळा उन्हाळा आलं नाही. आम्ही विहिरीवर जात राहिलो. राखणदाराशी भांडलो, विनवलं, मावशीनं त्याला एकदा विहिरीत ढकलायचाच बाकी ठेवला. नातवाचं पुरळ गेलं, पण सुनेचं दूध लवकर आटलं, आणि ते पाण्यापायी की कशानं, हे मावशीनं मला कधी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. हे ओझं माझं आहे, मी ते कुठं उतरवत नाही.

पण हंडे वाजवायचे थांबले. लोक टपाल घेऊन पुन्हा माझ्या दारात आले. आणि वस्तीनं आपसात एक गोष्ट ठरवली, कुणी सभा न घेता. पालिकेचा कागद आला की आधी विचारायचं, वर नमस्कार आहे का? नसेल तर वस्तीच्या वेशीवरच कोपरा फाडून तात्याच्या हातात परत. तात्या बिचारा फाटक्या कोपऱ्यांचे गठ्ठे घेऊन कचेरीत जायचा. तिथं कुणी हात लावायचं नाही. म्हणे एका कपाटात कागदांचा असा ढीग झाला की कपाटाकडं पाठ करून बसायलाही कारकून तयार नव्हते. हे मात्र मी थोडं वाढवलं असेल. थोडंच.

त्यानंतर मी पुष्कळ कचेऱ्या पाहिल्या, पुष्कळ अर्ज केले. अर्जाची पहिली ओळ तीच लिहिते. कुणी ‘हे खोडा’ म्हणालं, तर आवाज चढवत नाही. पेन त्याच्या हातात देते. “तुम्ही खोडा. आणि शेजारी सही करा, मी खोडलं म्हणून.” आजवर एकानंही सही केलेली नाही. पेन मला परत मिळतं, आणि ओळ तिथंच राहते. ती राहणार.

पावसाळ्याच्या तोंडाशी तात्या आला. या खेपेला कागद पाकिटात होता, आणि कोपरे धड होते. वेशीवर उभा राहून त्यानं तो दोन्ही हातांनी पुढं केला. मी उघडला. वर मधोमध लिहिलं होतं, ‘सन्माननीय रहिवासी, नमस्कार’. खाली ‘आपला विश्वासू’. तीच सही, तीच वळवलेली शेपटी. मधल्या मजकुरात इतकंच, की आपला नळ पूर्ववत सुरू करण्याचे योजिले असून, तत्पूर्वी आपण भाषेबाबतचा अर्ज कृपया मागे घ्यावा, ही नम्र विनंती.

मी मोठ्यानं वाचलं. एकही शब्द न घालता. आई विहिरीवर निघाली होती, चुंबळ डोक्यावर, हंडा कडेवर. तिनं कागद हातात घेतला, वरची ओळ निरखून पाहिली आणि मला परत दिला.

“बाई, साहेबांना काय सांगू?” तात्यानं आईला विचारलं.

आईनं हंडा डोक्यावर चढवला.

“सांग, नमस्कार पोचला. अर्ज तिथंच ऱ्हाऊ दे.”